जमिनीपासून चार बोटं

दिवसभर उद्यमबागेत मी
पंपांच्या बॉड्या तपासतो.
लाल खडू कानावर, हातोडी हातात.
ठोकून आवाज ऐकला की कळतं, आत पोकळ आहे.
फुली मारतो. पुढची घेतो.

रविवारी कॅम्पात, इनास बार्देस्करच्या दुकानामागं,
बेकरीच्या भिंतीची ऊब येते तिथं,
तीन होव्हरक्राफ्ट मांडलेली,
काडेपेटीएवढी एकेक.
"काय बघूलास एवढं? घे की एक ठरवून.
सहा लागतील तुला.
एका गाडीची असत्या काय पलटण?"

पहिल्याला खाली रबरी घोळ, मागं दोन पंखे.
खरं वाटतं. इतकं खरं, की
मलप्रभेच्या पुरात खानापूरला
बचाववाले घेऊन आले तर कुणी मान वळवणार नाही.
अडीचशे वर्षांनंतरच्या लढाईला
एवढं खरं चालत नाही.

दुसरं म्हणजे साबणाची वडी.
ना पंखा, ना घोळ, ना दार.
आतला माणूस आत गेला कुठून?
इनास म्हणतो, पुढच्या काळात दार लागत नाही.
मी म्हणतो, मेकॅनिकला लागतं.

तिसरं म्हणजे पट्टे काढून टाकलेला रणगाडा.
तोफ मोठी, पोट सपाट.
नखानं चाचपलं: साच्याचा जोड केसभर सरकलेला,
बुरुजाखाली बुडबुडा, टाचणीच्या डोक्याएवढा.
हात आपोआप कानाकडं गेला.
खडू नव्हता. रविवार.

घेतली ती तिसरीच. सहा.
बुडबुडा एकीतच होता.
तिला सगळ्यात पुढं ठेवायचं ठरवलं,
गोळा लागल्याची खूण म्हणून.

रंगाचं मात्र आठ दिवस जमेना.
भगवा दिला तर हंपण्णावर हसणार,
लाल-पिवळा दिला तर आमच्या गल्लीतली पोरं.
हिरवा, निळा, पांढरा,
प्रत्येकाला कुणीतरी मालक.
आमचं टेबल चार बाय सहा फुटांचं,
थर्मोकोलच्या टेकड्या, झाडूच्या काड्यांचा ऊस,
आणि तिथंसुद्धा पाटी कुठल्या भाषेत लावायची
हे तीन वर्षं ठरलेलं नाही, म्हणून
गावाला नावच नाही.
शेवटी कुंद्याचा रंग दिला. खरपूस.
त्यावरून कुणाचं भांडण नाही,
असलं तर दुकानावरून.

खाली पारदर्शक काडी, नखाएवढी चकती.
काडी चमकू नये म्हणून
दिव्याकडं पाठ करून बसतो आम्ही.
मग गाडी जमिनीला शिवत नाही.
नदी आडवी आली, चालते. चिखल, चालतो.
नकाशावर शाईनं ओढलेली रेघ?
नियमांच्या वहीत तिचा उल्लेखच नाही.
फक्त उभा चढ जमत नाही.

लहानपणी कीर्तनात ऐकलं होतं,
कधी खोटं न बोलणाऱ्या एका राजाचा रथ
असाच चार बोटं वर चालायचा.
एकदाच अर्धं खरं बोलला,
तेही हळू आवाजात.
चाकं टेकली.

परवा हंपण्णावरच्या शेवटच्या तुकडीवर
माझ्या पुढच्या गाडीनं नेम धरला.
तोफेचा पल्ला आठ इंच.
टेपवर सव्वाआठ.
"किती आलं?" त्यानं चष्मा शोधत विचारलं.
"आठ," मी म्हणालो.
"आयतु," म्हणत त्यानं एकेक शिपाई उचलला,
कापूस घातलेल्या डबीत आडवा ठेवला,
आणि माझ्या रंगकामाचं कौतुक करून
शेवटची बस गाठायला गेला.

आवरताना बघतो तर
पुढच्या गाडीची काडी चकतीतून निसटलेली,
पोट टेबलाला टेकलेलं.
कधी निसटली कोण जाणे. फासा लागला असेल.

चिकटवायला दहा सेकंद लागतात.
नळी कपाटातच आहे.
आज गुरुवार.
रविवारी हंपण्णावर येणार आहे,
टेप त्याचीच घेऊन.